सगळ्यांच्या नावात पाऊण

१८ जून

आजपासून पुन्हा रोजनिशी. बँकेच्या सोलापूर शाखेत असताना सवय लावली होती, निवृत्तीनंतर सुटली. लिहायची ती शुद्ध मराठीत, हा नियम तेव्हाचाच. आमच्या कुंभकोणमच्या घरात जी मराठी बोलतात तिला सोलापूरचे सहकारी हसत. "रघुनाथराव, हे बखरीतलं बोलणं कुठून आणलंत?" म्हणत. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी आले ते हेच बोलत आले आणि ते तसंच राहिलं, त्याला मी काय करणार? पण लिहिताना तरी माणसाने नीट लिहावं.

पुन्हा लिहायला बसलो त्याला कारण आहे. इथल्या मराठी संघाचा मी चिटणीस. गावातल्या आणि आसपासच्या आपल्या घराण्यांची माहिती इंटरनेटवर असावी असं मी बैठकीत सुचवलं आणि अध्यक्ष हनुमंतरावांनी ते माझ्याच गळ्यात घातलं. मीही मागे हटलो नाही. पुस्तक आणलं, चष्मा बदलला आणि वेब पान स्वतःच्या हाताने बांधलं. घराणं, गोत्र, कुलदैवत, हल्लीचा मुक्काम, शेवटी वधूवरांची माहिती. सगळं देवनागरीत, शिवाय परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी अक्षरांत, डोक्यावर रेघा आणि पायाखाली ठिपके देऊन, म्हणजे न कुठला आणि ण कुठला ते कळावं.

आज ते पान फोनवर उघडलं. माझं नाव आहे तिथे हे दिसलं: à¤°à¤˜à¥à¤¨à¤¾à¤¥.

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसलो आहे म्हणून त्यातलं येनचं चिन्ह तेवढं ओळखलं. आणि शेवटाकडे ¾. पाऊण! बायकोला, राजेश्वरीला, हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अय्यो, हे ढेकूण कोणीं सोडिले?" मग तिच्या नावात पाहिलं, तिथेही एक पाऊण. आमच्या लेकीच्या, मधुमिताच्या, नावातही एक. घरात माणसं तीन आणि तिन्ही पाऊण. राजेश्वरीला म्हटलं, तूं पाऊण आहेस बघ. ती म्हणाली, "आणि तुम्ही अवघे आहांत कां?"

२५ जून

हनुमंतरावांनी माणूस पाठवला. सतीशकुमार नाव. महामहम तळ्याजवळ त्याचं वेब डिझाइनचं ऑफिस आहे, वडिलांचं बाजारात पितळी दिव्यांचं दुकान. तिशी ओलांडलेला इंजिनिअर, तमिळ. मी आधीच अट घातली: पान माझं आहे, ते मोडायचं नाही, फक्त अक्षरं नीट करून द्यायची. त्याने पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी वरच्या ओळीशी थांबला, हसला आणि म्हणाला, "सोपं आहे सार. पाच मिनिटं."

तेवढ्यात मधुमिता कॉलेजातून आली. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते ती. चप्पल काढता काढता तिने स्क्रीनकडे पाहिलं, "अप्पा, तुमचे ढेकूण वाढले कीं," म्हणून खळखळून हसली आणि आत गेली. सतीशकुमारने पान पुन्हा नीट पाहिलं. म्हणाला, "नाही सार. वाटलं त्यापेक्षा बरंच अवघड आहे."

प्रामाणिक माणूस आहे. दुसऱ्या कुणी पहिला शब्द मागे घेतला नसता.

उपाय त्याने समजावून सांगितला. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला आहे. र म्हणजे २३५२, ळ म्हणजे २३५५. पानावर अक्षराच्या जागी त्याचा नंबर हाताने लिहिला की कुठल्याही मशीनवर ते अक्षर बरोबर दिसतं. रेघवाल्या आणि ठिपकेवाल्या अक्षरांचेही नंबर आहेत. म्हणजे खातेदारांसारखंच की. मला ताबडतोब पटलं. अक्षरं हजारो आहेत, तेव्हा त्याला रोज संध्याकाळी येऊन थोडं थोडं करावं लागेल.

तो टाइप करत असताना राजेश्वरी कॉफी घेऊन आली आणि त्याच्या डोक्यावरून मला म्हणाली, "ह्याच्या शर्टाची गुंडी तुटली आहे. घरीं पाहणारें कोणी नाहीं वाटतें." मी म्हटलं, "काम येतें कीं नाहीं तें पाहूं. गुंडी राहूं दे." आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी ही तर आपल्या घरांची रीतच, पण बाहेरचं माणूस आत आलं तरी त्याच्यादेखत खुशाल काहीही बोलावं. भाजीवाला, डॉक्टर, बसमधले शेजारी, कुणासमोर आम्ही आवाज खाली केलेला नाही.

८ जुलै

सतीशकुमारला देवनागरी येत नाही, त्यामुळे एकाने अक्षर अक्षर वाचून दाखवावं लागतं. दोन दिवस मी वाचलं, घसा बसला. आता मधुमिता वाचते. कॉलेजातून थकून येते तरी तोंड धुऊन, पदर नीट करून बसते. तिच्या स्वभावातच जबाबदारी आहे.

ही मुलगी शाळेत गेल्यापासून मी मराठीत विचारायचं आणि तिने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असं चाललं होतं. आता संध्याकाळभर घरात तिचं मराठी ऐकू येतं. एकेक शब्द घोळून घोळून सांगते. पानाचा हा पहिला फायदा. बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवणार आहे.

सतीशकुमार प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारतो. मी म्हटलं, नंबराला अर्थ कशाला हवा? तो म्हणाला, अर्थ कळल्याशिवाय नंबर नीट बसत नाही सार. मधुमितानेही मान डोलावली. रसायनवाल्यांना यातलं काय कळणार, पण मला तत्त्व म्हणून आवडलं.

त्याच्या शर्टाला गुंडी लागली आहे. पांढऱ्या शर्टाला जांभळा दोरा. आमच्या शिवणाच्या डब्यातही असाच जांभळा दोरा आहे. गावात एकाच रंगाचे दोरे विकतात की काय कोण जाणे.

२ ऑगस्ट

साक्कोट्टैची दोन घराणी पूर्ण झाली. तिरुप्पनंदाळचं एक चालू आहे. आमचं घर केव्हा, असं मी विचारलं. सतीशकुमार म्हणाला, "तुमचं सगळ्यात शेवटी, सार. आधी आपल्याच घरचं केलं तर लोक बोलतील." मलाही सुचलं नव्हतं इतकं त्याला सुचतं. वधूवरांचं पान त्याहून शेवटी करू म्हणाला.

काम संपल्यावर तो लगेच उठत नाही. आज मी त्याला आमच्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगितली: दरबारच्या तोशाखान्यात ते राजवस्त्रं सांभाळत, पाहुण्याला कुठली शाल द्यायची ते ठरवत. एकदा दोन पाहुण्यांच्या शाली बदलल्या गेल्या आणि दोघेही इतके खूश झाले की चूक कुणी सुधारलीच नाही. हे मी घरात असंख्य वेळा सांगितलं असेल. मी 'तोशाखाना' म्हटलं की राजेश्वरीला स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं. सतीशकुमारने मात्र विचारलं, "मग सार, त्या शाली कुठल्या रंगाच्या होत्या?" इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं. सांगितलं, एक जांभळी होती.

तो सामान आवरत होता तेव्हा राजेश्वरी मला म्हणाली, "मुलगा चांगला आहे. आपल्यांतला असता तर."

मी म्हटलं, "नाहीं ना आपल्यांतला. संपलें."

तो चार्जरची वायर गुंडाळत होता. चांगली गुंडाळलेली वायर सोडून त्याने पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली.

१९ ऑगस्ट

नशीब फळफळलं! पुण्याहून रविशंकररावांचा फोन. आपलीच माणसं, मूळ तिरुविसनल्लूरची. त्यांचे वडील नोकरीसाठी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. मुलगा करण, सॉफ्टवेअरमध्ये, निर्व्यसनी. आमचं पान पाहून फोन केला म्हणाले. ढेकणांतून त्यांनी माहिती कशी वाचली, विचारलं. इंग्रजी अक्षरांतली अर्धवट वाचली आणि उरलेलं हनुमंतरावांना विचारलं.

मधुमिता एकतीस वर्षांची. इतकी स्थळं आली आणि गेली. कुणाला तिची नोकरी नको, कुणाला तिचं मत नको. आणि आता थेट पुणे! माझी मुलगी जिथे रस्त्यावरही मराठी चालते तिथे नांदेल. पूर्वजांनी जो रस्ता इकडे धरला तो ती उलट जाईल. मला सोलापुरात जे जमलं नाही ते तिला जमेल. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं आहे, तेही लिहून ठेवतो.

लगेच पानावर करणचं नाव घातलं. बाकी सगळ्यांसारखे ढेकूण झाले, पण त्याच्या नावात पाऊण नाही. चक्क पाउंडचं चिन्ह आहे. शुभशकुन म्हणायचा!

राजेश्वरीला सगळं सविस्तर सांगितलं, सतीशकुमार तिथेच बसला होता. कार्तिक अमावास्येला ती मंडळी येणार, हे म्हणालो आणि त्याच्या हातून कॉफीचा टंबलर कलंडला. कीबोर्डवर गेली कॉफी. आज काम झालं नाही.

२७ ऑगस्ट

मधुमिताला विचारलं, पसंत आहे ना? ती म्हणाली, "पाहिल्यावीण काय सांगूं, अप्पा?" बरोबर आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तेथें मी बोललें तर हांसतील."

मी म्हटलं, "हांसतील चार दिवस. मग हें जाईल, तें येईल. मी नाहीं शिकलों?"

"तुम्ही शिकलां," ती म्हणाली. उत्तर सरळ आहे, पण मला त्यात काहीतरी खटकतं आहे.

१४ सप्टेंबर

आज एक योगायोग झाला. सतीशकुमार भिंतीकडे पाठ करून जमिनीवर बसला होता, मधुमिता वाचत होती. राजेश्वरी डोशाची ताटली घेऊन आली, जरा थबकली आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "त्याच्या पाठीस पाल आहे." मी वर बघेपर्यंत सतीशकुमार टुणकन उडाला, लॅपटॉप मधुमिताच्या मांडीवर. पाल वगैरे काही नव्हती. नेमकं त्याच क्षणाला त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, असं तो म्हणाला.

राजेश्वरीने ताटली ठेवली, आत गेली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी आत जाऊन विचारलं, काय झालं? "कांहीं नाहीं," म्हणाली. "पाल मज दिसली, तुम्हांस दिसली नाहीं." तिचा चष्मा तपासायला हवा.

त्यानंतर ती त्याच्यासमोर मराठीत फार बोलत नाही. आणि बोलली तर स्थळाबद्दल अजिबात नाही.

२० ऑक्टोबर

हनुमंतराव घरी येऊन रागावून गेले. ज्या कामाला आठवडा पुरेल असं वाटलं होतं त्याला दिवाळी आली. मी सतीशकुमारची बाजू घेतली. जोडाक्षरं असतात, त्यांत दोन अक्षरांचे नंबर लावून मध्ये हलन्ताचा नंबर द्यावा लागतो, म्हटलं, चेष्टा नाही. शेवटी कार्तिक अमावास्येची संध्याकाळ उद्घाटनाला ठरली. त्या दिवशी तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते, म्हणून तिथे स्नानाला आपली माणसं गावोगावाहून येतातच. पुण्याची मंडळीही असतील. मुलगी बघणं आणि पानाचं उद्घाटन एकाच संध्याकाळी आमच्याच घरी.

सतीशकुमारला तारीख सांगितली. तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "होईल सार." त्याचा चेहरा उतरला आहे. कामाचं दडपण.

१ डिसेंबर

काय लिहू? क्रमाने लिहितो.

सकाळी विहिरीवर तोबा गर्दी. रविशंकरराव, त्यांच्या पत्नी आणि करण तिथेच भेटले. करण खरोखर चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कार केला. संध्याकाळी सगळे घरी. हनुमंतराव पुढच्या खुर्चीवर. सतीशकुमार कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. इकडच्या रीतीप्रमाणे मुलगी बघायला आलेल्यांना गोड सोज्जी, म्हणजे रव्याचा शिरा, आणि भजी.

राजेश्वरी म्हणाली, "बसा कीं. दुरून आलां, श्रम झाले असतील. थोडें गोड घ्या."

करणच्या आईने टाळी वाजवली. "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! अगदी ऐतिहासिक नाटकात बसल्यासारखं वाटतंय!" मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. राजेश्वरी हसली आणि त्यानंतर फक्त ताटं पुढे करत राहिली. मधुमिताने विचारल्या प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत दिली. मी त्यांच्याशी माझी सोलापुरी शुद्ध मराठी बोललो. रविशंकरराव म्हणाले, "तुमचं बरंच सुधारलंय हं."

भजी उरकत आली तेव्हा राजेश्वरीने आतून हाक दिली, "अगे, कपाटावरलें थोरलें ताट कोणी काढून द्या गे, मज पोंचत नाहीं!" मधुमिता पाहुण्यांसमोर बसलेली, उठावं की नाही या विचारात. तर कोपऱ्यातून सतीशकुमार उठला, आत गेला, आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला: "हें कां मामी, कीं त्याच्या मागलें?"

राजेश्वरी म्हणाली, "मागलें." जसं काही रोजचंच.

तो ताट घेऊन बाहेर आला आणि दारातच थांबला. आमच्याकडे बघत. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं असावं.

मला मात्र सगळं एकदम आठवू लागलं. गुंडी. तो डोसे किती खातो त्यावरचं आमचं बोलणं. "आपल्यांतला असता तर." "संपलें." हे सगळं या माणसाच्या तोंडावर बोललो होतो मी. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

हनुमंतरावांना काही उमगलं नाही. "उद्घाटन करा, उशीर होतो," म्हणाले. पान उघडलं. अर्धी घराणी स्वच्छ, अर्धी ढेकणांत. आमचं आणि वधूवरांचं पूर्ण ढेकणांत. करणने नम्रपणे विचारलं, "मी बघू का, काका?" लॅपटॉप ओढला. "अहो, पानाच्या अगदी वर एक ओळ राहिलीय. हे पान कुठल्या अक्षरसंचात लिहिलंय ते सांगणारी. ती नसली की ब्राउझर आपल्या मनाने इंग्रजी धरून चालतो." एक ओळ लिहिली. पान पुन्हा उघडलं.

रघुनाथ. राजेश्वरी. मधुमिता. सगळी नावं धडधाकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग एकेका अक्षराचा नंबर कशाला देत बसलात?" करणने सतीशकुमारला सरळ मनाने विचारलं. सतीशकुमार म्हणाला, "पान मोडायचं नाही, असं सारांनी सांगितलं होतं." त्याला ती ओळ पाहून नवल वाटलं नव्हतं. मधुमिता स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिलाही वाटलं नव्हतं.

२ डिसेंबर

मला फसवलं. माझ्या घरात, माझी कॉफी पिऊन.

राजेश्वरीला विचारलं, तुला ठाऊक होतं? "पाल म्हटलें तेव्हांपासून," म्हणाली. मला का नाही सांगितलंस? "तुम्ही तोशाखाना सांगत होतां. किती आनंदांत होतां. काय म्हणून मोडूं?"

५ डिसेंबर

रविशंकररावांचा फोन. मुलगी पसंत. भाषेचं मनाला लावून घेऊ नका म्हणाले, "सहा महिन्यांत ते बोलणं जाईल तिचं."

हेच मी तिला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. शब्दही तोच. पण त्यांच्या तोंडून 'जाईल' ऐकलं आणि तोंडाशी आलेला होकार गिळला. कळवतो म्हणालो.

मधुमिताला बोलावलं. रागवायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "चुकलें, अप्पा. लबाडी केली. तुम्ही म्हणाल तसें करीन. पुण्यास जाईन, त्यांचें मराठी बोलेन. तें येईल मला." मग म्हणाली, "पण हें कोणाशीं बोलूं?"

रागवायचं राहून गेलं.

१३ डिसेंबर

पान झकास चाललं आहे. एक ढेकूण नाही. अमेरिकेतून कुणीतरी छान म्हणून कळवलं. हनुमंतराव खूश आहेत आणि त्यांनी सतीशकुमारबद्दल ऐकलंही आहे; "लोक काय म्हणतील, रघुनाथराव," असं मला बजावून गेले. लोकांचं भय मलाही आहे. नाही असं कशाला लिहू? घराण्यांची यादी करणाऱ्याच्याच घरी असं, असं म्हणतीलच.

मधुमिता संध्याकाळी वह्या तपासत बसते. काही विचारलं तर तमिळमध्ये उत्तर देते. मुद्दाम नाही, तिच्या लक्षातही येत नाही. राजेश्वरी डोशाचं पीठ अजून जास्तच भिजवते आणि सकाळी पुन्हा तेच आम्हाला घालते. काल मी शालींची गोष्ट काढली. कुणी काही विचारलं नाही. त्या दुसऱ्या शालीचा रंग सांगायचा राहिला होता.

मला सतीशकुमारची आठवण येते. लिहून टाकलं.

१८ डिसेंबर

सकाळपासून विचार करतो आहे. आमची मराठी टिकावी म्हणून मी पान बांधलं. पानाने अक्षरं टिकतील, कबूल. पण इतक्या वर्षांत बाहेरचा एक माणूस आमचं बोलणं शिकला. कुणी शिकवतो म्हटलं नव्हतं आणि त्यात त्याचा काही फायदा नव्हता. त्याला मी ज्या भाषेत "संपलें" म्हटलं, त्याच भाषेत त्याने राजेश्वरीला विचारलं, हें कां मामी.

रविशंकररावांना फोन करून नाही म्हणालो. कारण विचारलं. म्हटलं, आमच्या मुलीचं बोलणं जाऊ नये अशी इच्छा आहे. त्यांना ते समजलं नाही आणि मला त्याहून नीट सांगता आलं नाही. करणला आशीर्वाद सांगितला. त्याच्याविरुद्ध काही नाही माझं.

१९ डिसेंबर

आज शुद्ध-अशुद्ध पाहणार नाही.

दुपारी मधुमिता कॉलेजात असताना पान उघडलं आणि अगदी वरची ती ओळ काढून टाकली. पुन्हा पाहिलं. आमच्या घरात ढेकूणच ढेकूण. मग सतीशकुमारला फोन लावला. पहिल्यांदाच त्याच्याशी घरच्या मराठीत बोललो. बोलायला जरा लाज वाटली, तेही लिहितो.

"अक्षरें पुन्हा मोडलीं," म्हटलं. "सायंकाळीं ये."

तो हळूच म्हणाला, "सार, वरली एक ओळ..."

"कोठली ओळ तें मज ठाऊक आहे. मीच काढिली आहे. तूं ये."

त्याला बोलू न देता मी म्हटलं, "आणि येतां तुझ्या अप्पा-अम्मांस घेऊन ये. अक्षरें फार आहेत. एकट्याचें काम नव्हे."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक टंबलर.

राजेश्वरीला सांगितलं. तिने डबा उघडून रवा किती आहे ते पाहिलं. सोज्जी करणार असेल. मुलगाच दाखवायला घरी आणतात तेव्हा काय देतात ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

ती मंडळी यायला अजून वेळ आहे म्हणून पानावर एक नाव नवीन घातलं. वधूवरांच्या यादीत नाही, वर, आमच्या घराच्या माहितीत, मधुमिताच्या शेजारी. सतीशकुमार. ओळ नसल्यामुळे लगेच त्याचेही ढेकूण झाले. चष्मा पुसून एकेक चिन्ह पाहत गेलो. एक युरो आहे. आणि शेवटच्या अक्षराच्या जरा अलीकडे, आहे. त्याच्याही नावात पाऊण आहे.